नोटिशीत कायदा कोणता, ते आधी वाचा

५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या जुन्या खटल्यात निकाल दिला आणि संध्याकाळपर्यंत गावोगावच्या ग्रुपवर एक आनंदवार्ता फिरू लागली: आता सरकारला खासगी जमीन घेता येणार नाही. ज्यांच्या शेतात महामार्गाचे दगड रोवले गेले होते, त्यांनी तो संदेश प्रांत कार्यालयात नेऊन दाखवला. तिथे कुणी तो वाचलाही नाही, कारण निकालाचा प्रश्न वेगळाच होता. घटनेच्या ३९(ब) कलमातल्या ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता बसते का, एवढेच न्यायालयाला ठरवायचे होते. प्रत्येक मालमत्ता बसत नाही, असे उत्तर आले. सार्वजनिक कामासाठी मोबदला देऊन जमीन घेण्याचा सरकारचा अधिकार तसाच राहिला.

असे संदेश दर काही महिन्यांनी येतात. कधी ‘चारपट मोबदला पक्का’, कधी ‘ग्रामसभेने नाही म्हटले की विषय संपला’, कधी ‘पैसे उचललेच नाहीत तर पाच वर्षांनी जमीन परत’. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडेसे खरे असते, म्हणून ते घातक ठरते. बहुतेक गोंधळाचे मूळ मात्र एकच. एका कायद्याचा नियम दुसऱ्या कायद्याखालच्या जमिनीला लावला जातो आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

सरकारला जमीन घेता येते का?

येते. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला गेला. पण ‘म्हणजे आता हक्कच नाही’ असे जे सांगतात, तेही चुकतात. कलम ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमात काय काय येते ते सांगितले: नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, वाजवी मोबदला, वेळेत चालणारी प्रक्रिया आणि तिचा रीतसर शेवट.

हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी एका निरक्षर विधवेची जमीन कोणतीही कारवाई न करता घेतली गेली होती. इतकी वर्षे ताबा आहे म्हणून जमीन आमचीच, असे सरकारने म्हटले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते साफ नाकारले आणि मोबदला द्यायला लावला. तुमच्या शेतातून पूर्वी असाच रस्ता गेला असेल आणि कुठेही निवाडा झाला नसेल, तर हा निकाल तुमच्या वकिलाला दाखवा.

नोटिशीच्या डोक्यावर काय लिहिले आहे?

सगळ्यात आधी बघायचे ते हेच. प्रकल्प कोणता, रस्ता किती पदरी, पुढारी काय म्हणाले, हे सगळे नंतर. महाराष्ट्रात जमीन साधारणपणे पुढीलपैकी एखाद्या कायद्याखाली घेतली जाते:

- २०१३ चा भूसंपादन कायदा. १ जानेवारी २०१४ पासून लागू. १८९४ चा ब्रिटिशकालीन कायदा याने रद्द केला. धरणे, कालवे, सरकारी इमारती, अनेक रस्ते यात येतात. प्राथमिक अधिसूचना कलम ११ ची, घोषणा कलम १९ ची, निवाडा कलम २३ चा.
- राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६. इथे ३-अ, ३-ड, ३-ग अशी कलमे दिसतील. ‘३-ड’ची घोषणा राजपत्रात आली की जमीन कायद्याने केंद्र सरकारची होते, मग शेतात ऊस उभा असला तरी. प्रत्यक्ष ताब्यासाठी मात्र मोबदल्याची रक्कम जमा करून साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते.
- एमआयडीसी कायदा, १९६१. औद्योगिक क्षेत्रासाठी, नोटीस कलम ३२(२) ची. पुरंदरच्या विमानतळासाठी सात गावांत याच कायद्याची वाट धरली गेली, तेव्हा विमानतळ आणि एमआयडीसी यांचा संबंध काय, हे अनेकांना उमगले नव्हते.
- महाराष्ट्र महामार्ग कायदा, १९५५ आणि नगररचना कायदा, १९६६. पहिला राज्याच्या द्रुतगती मार्गांसाठी, दुसरा शहरांच्या विकास आराखड्यासाठी.

राज्याने २०१८ मध्ये २०१३ च्या कायद्यात दुरुस्ती करून एमआयडीसी, राज्य महामार्ग, नगररचना आणि म्हाडा हे चार कायदे वेगळ्या अनुसूचीत घातले. त्यामुळे मोबदल्याचे सूत्र २०१३ च्या कायद्याचे आणि कार्यपद्धती मूळ कायद्याची, अशी सरमिसळ झाली. याच दुरुस्तीने काही प्रकल्पांना सामाजिक परिणाम मूल्यांकनातून सूट देण्याची मुभा सरकारला दिली. म्हणून ‘आमच्या गावात जनसुनावणी झालीच नाही’ ही तक्रार प्रत्येक ठिकाणी टिकेलच असे नाही. सूट देणारी अधिसूचना निघाली आहे का, ते माहिती अधिकारात विचारा.

आराखड्यातले आरक्षण म्हणजे संपादन नव्हे

शहरात आणि शहरालगतच्या गावांत हा घोळ फार आहे. विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटवर ‘बगीचा’ किंवा ‘शाळा’ असे आरक्षण पडले, तरी जमीन तुमचीच असते. फक्त त्या हेतूव्यतिरिक्त बांधकाम करता येत नाही. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षे झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालकीच्या कागदांसह खरेदीची नोटीस द्या. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन घेतली गेली नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. दहा वर्षे झाली की ते आपोआप उठते, ही समजूत चुकीची आहे. नोटीस दिलीच नाही, तर वीस वर्षेही ते तसेच राहू शकते.

हरकत कशावर आणि कधीपर्यंत

कलम ११ ची अधिसूचना राजपत्रात, दोन दैनिकांत आणि ग्रामपंचायतीत प्रसिद्ध होते. ‘मला घरी नोटीस आली नाही’ म्हणून बसून राहिलात, तर हरकतीचे साठ दिवस कधी सरले ते कळणार नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी तर ३-अ च्या अधिसूचनेपासून फक्त २१ दिवस मिळतात. एमआयडीसीच्या नोटिशीत तिची मुदत लिहिलेली असते.

शेकडो हरकती ‘दर परवडत नाही’ एवढ्याच ओळीच्या असतात आणि एका ओळीत फेटाळल्या जातात. या टप्प्यावर दराचा प्रश्नच नसतो. इथे विचारायचे ते असे: एवढे क्षेत्र खरेच लागते का, हेतू सार्वजनिक आहे का, पर्यायी आखणी शक्य आहे का, बागायत वाचवून पडीक जमीन घेता येईल का. रस्त्यामुळे शेताचे दोन तुकडे होत असतील, विहीर एकीकडे आणि पीक दुसरीकडे जात असेल, तर नकाशासह लिहा. भुयारी वाट किंवा पाइपलाइनसाठी ओलांडणी मागण्याची वेळ हीच. डांबर पडल्यावर ती मागणी आंदोलनाने मिळवावी लागते. सुनावणीला स्वतः जा, पोच घ्या. दराचा आणि हिश्श्याचा दावा पुढे कलम २१ च्या नोटिशीनंतर करायचा असतो.

ग्रामसभेबद्दलही इथेच सांगायला हवे. पालघर, नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रांत २०१३ च्या कायद्याचे कलम ४१ ग्रामसभेची किंवा पंचायतीची पूर्वसंमती मागते. बाकी महाराष्ट्रात ग्रामसभेचा विरोधाचा ठराव राजकीय वजनाचा असतो, पण तेवढ्याने संपादन थांबत नाही. ७० आणि ८० टक्के संमतीचेही तसेच. ७० टक्क्यांची अट सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांना, ८० टक्क्यांची खासगी कंपन्यांसाठीच्या संपादनाला. सरकार स्वतःच्या वापरासाठी जमीन घेत असेल, तर ही अट लागू नाही.

‘चारपट’चे गणित

चावडीवर सर्वांत जास्त चर्चा याचीच होते, आणि चुकतेही इथेच. २०१३ च्या कायद्यात ‘चारपट’ हा शब्द कुठेही नाही. आधी बाजारमूल्य ठरते. ते ठरवताना रेडीरेकनरचा दर आणि आधीच्या तीन वर्षांतल्या जवळपासच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या खतांची सरासरी, यातला जास्त आकडा घेतला जातो. त्याला गुणक लावतात: शहरी भागात एक, ग्रामीण भागात शहरापासूनच्या अंतरानुसार एक ते दोन. मग विहीर, घर, झाडे, पाइपलाइन यांची किंमत मिळवतात. आलेल्या बेरजेवर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे सोलेशियम. शिवाय बाजारमूल्यावर ठरावीक काळासाठी वर्षाला १२ टक्के.

समजा बाजारमूल्य २० लाख आहे आणि विहीर-झाडांचे ४ लाख. गुणक दोन असेल तर ४० अधिक ४, म्हणजे ४४ लाख. दिलाशासह ८८ लाख. गुणक एक असेल तर २० अधिक ४, म्हणजे २४ लाख; दिलाशासह ४८ लाख. जमीन तीच, पीक तेच, आणि फरक ४० लाखांचा. महामार्गांसाठी राज्याने २०२१ मध्ये हा गुणक खाली आणला, म्हणून २०१८ मध्ये पैसे मिळालेल्या मेहुण्याचा हिशेब तुमच्या उपयोगाचा नाही. आपल्या अधिसूचनेच्या तारखेला कोणता गुणक लागू होता, ते लेखी विचारा.

‘शेजारच्या प्रकल्पात जास्त दिला’ हा युक्तिवाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालत नाही. याच कायद्याखाली जिल्ह्यात पूर्वी दिलेला मोबदला बाजारमूल्य ठरवताना विचारात घेऊ नये, असे कलम २६ च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. चालतात ती खरेदीखते, आणि तीही अधिसूचनेच्या आधीची. इथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. मुद्रांक वाचवायला गावाने वर्षानुवर्षे खतात निम्मा आकडा लिहिला आणि उरलेला रोखीत दिला. संपादनाच्या वेळी सरकार तोच निम्मा आकडा समोर ठेवते. तरीही दुय्यम निबंधक कार्यालयातून गेल्या तीन वर्षांच्या खतांची सूची मागवा. रस्त्यालगतची, बागायत, कमी क्षेत्राची अशी चांगल्या दराची खते अधिकाऱ्यांच्या यादीतून सुटलेली असतात.

मोजणीच्या दिवशी घरी थांबा

संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचा मोजणीदार, संपादन करणाऱ्या यंत्रणेचा माणूस आणि महसूलचे कर्मचारी असतात. त्या दिवशी पंचनाम्यात जे आले नाही, ते पुढे मिळवताना दमछाक होते.

- मोजणीपूर्वी सातबारा, आठ-अ, फेरफार आणि गटाचा नकाशा काढून ठेवा. आजोबांचे नाव अजून लागलेले असेल तर वारसनोंद आधी उरका.
- विहीर, बोअर, ठिबक, जमिनीखालची पाइपलाइन, बांधावरची झाडे आणि फळझाडांचे वय यांचे तारखेसह फोटो काढा. विहिरीची सातबाऱ्यावर नोंद आहे का ते पाहा.
- कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही करू नका. पटत नसेल तर सहीजवळच हरकत लिहा आणि प्रत मागा.
- घराचा किंवा गोठ्याचा एक भागच जात असेल, तर २०१३ च्या कायद्याच्या कलम ९४ खाली संपूर्ण इमारत घ्या असे म्हणता येते.

अधिसूचनेनंतर जमीन विकणे, गहाण ठेवणे, वाटून देणे हे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. ‘तुमचे काम करून देतो, फक्त कुलमुखत्यारपत्र द्या’ म्हणणारे दलाल याच काळात उगवतात. टक्केवारीवर सही देऊन मोकळे झालेल्यांना पुढे स्वतःच्याच खात्यातल्या पैशांसाठी त्यांच्या दारी जावे लागते.

थेट विक्री की निवाडा?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याची बरीचशी जमीन सक्तीने न घेता थेट खरेदीने घेतली गेली. २०१५ च्या शासन निर्णयानुसार वाटाघाटीने जमीन देणाऱ्याला कायदेशीर मोबदल्यावर २५ टक्के जादा मिळतात. ‘पाचपट’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो इथून: गुणक दोन धरून झालेली चारपट, आणि तिच्यावर पाव.

पैसे लवकर येतात, २५ टक्के जास्त येतात आणि कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. ज्यांची कागदपत्रे चोख आहेत, ज्यांना त्या पैशांतून लगेच दुसरीकडे जमीन घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला. पण एकदा खरेदीखत झाले की दर वाढवून मागण्याचे दार बंद होते. म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी मूल्यांकनाचा तक्ता हातात घ्या आणि त्यात झाडे, विहीर, पाइपलाइन सगळे आले आहे का ते एकेक ओळ बघून तपासा. मूळ आकडाच निम्मा असेल, तर त्यावरचे २५ टक्के म्हणजे तोटाच.

पैसे घ्या, पण निषेध नोंदवून

‘चेक उचलला की हक्क गेला’ असे काही जण म्हणतात. ‘पैसे घ्या, नंतर भांडू’ असे दुसरे. २०१३ च्या कायद्याचे कलम ७७ या दोहोंच्या मधले आहे. रक्कम अपुरी आहे असे लेखी नोंदवून, म्हणजे निषेध नोंदवून, पैसे घेता येतात आणि वाढीव मोबदला मागता येतो. असा निषेध न नोंदवता पैसे घेतले, तर कलम ६४ खाली अर्ज करता येत नाही. पावतीवर एक वाक्य पुरते: ‘रक्कम अपुरी असल्याने निषेध नोंदवून स्वीकारत आहे.’ त्याची प्रत जपून ठेवा.

वाढीव मोबदल्याच्या मुदती अशा:

- निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा प्रतिनिधी हजर असेल, तर निवाड्यापासून सहा आठवडे.
- हजर नसाल, तर जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातले जे आधी संपेल ते. सबळ कारण दाखवल्यास जिल्हाधिकारी पुढच्या एका वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात.
- अर्ज करायचा राहिला, पण त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याचा मोबदला असे वाद ऐकणाऱ्या भूसंपादन प्राधिकरणाने वाढवला, तर त्या निर्णयापासून तीन महिन्यांत कलम ७३ खाली तुम्हालाही तसाच दर मागता येतो. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.
- राष्ट्रीय महामार्गात प्राधिकरण नाही, लवाद आहे. त्याचा निर्णय पटला नाही तर तीन महिन्यांत जिल्हा न्यायालय.

महामार्गाच्या जमिनींना दिलासा रक्कम आणि व्याज नाकारणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. जुन्या महामार्ग संपादनात फक्त मूळ किंमत मिळालेली असेल आणि तुमचा वाद अजून प्रलंबित असेल, तर वकिलाला याबद्दल विचारा.

आयकराचे थोडक्यात. २०१३ च्या कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे या निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केले आहे. तरीही कर कापून पैसे जमा झाल्याची उदाहरणे आहेत. विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. न्यायालयाने वाढवलेल्या रकमेवरच्या व्याजाचे काय करायचे, ते सनदी लेखापालाला विचारा.

सातबाऱ्यावर नाव नाही, त्यांचे काय?

अनेक घरांत मोबदल्याची बातमी येते तेव्हाच लग्न होऊन गेलेल्या बहिणींची आठवण होते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा दिला. हक्कसोड द्यायचे की नाही, हे बहिणीने स्वतः ठरवायचे. दिलेच तर ते नोंदणीकृत असावे लागते. वाटपाचा वाद मिटला नाही, तर रक्कम प्राधिकरणात जमा होते आणि भावकीचे भांडण संपेपर्यंत तिथेच पडून राहते. चार जणांनी बसून आधीच लेखी ठरवले, तर बरीच वर्षे वाचतात.

पुनर्वसनाचे हक्क केवळ मालकाचे नाहीत. संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या भागात ज्यांची मुख्य उपजीविका त्या जमिनीवर होती, असे शेतमजूर, कुळे, वाटेकरी, कारागीर हेही २०१३ च्या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ ठरतात. दुसऱ्या अनुसूचीत नोकरी, किंवा ५ लाख रुपये, किंवा वीस वर्षे दरमहा किमान २ हजार रुपये असा पर्याय आहे. विस्थापित कुटुंबाला वर्षभर दरमहा ३ हजार निर्वाहभत्ता आणि सामान हलवण्यासाठी ५० हजार मिळतात. मजुरांनी रोजगार हमीचे कार्ड, शिधापत्रिका, मतदार यादीतले नाव असे पुरावे सर्वेक्षणाच्या वेळीच द्यावेत.

प्रकल्पग्रस्त दाखल्याबद्दल मात्र भ्रम नको. त्यावर सरकारी भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण मिळते. अर्ज, परीक्षा आणि गुणवत्ता यादी चुकत नाही. त्या दाखल्यावर ‘नोकरी लावून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

जमीन परत मिळते का?

१८९४ च्या कायद्याखाली ज्यांची जमीन गेली, ते २०१३ च्या कायद्याच्या कलम २४(२) चा हवाला देतात: पाच वर्षांपूर्वी निवाडा झाला, पैसे घेतले नाहीत, म्हणून संपादन रद्द. २०१४ नंतर काही वर्षे न्यायालयांतून तसे निकालही मिळाले. मार्च २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा मार्ग अरुंद केला. ताबाही घेतलेला नाही आणि मोबदलाही दिलेला नाही, अशा दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच संपादन बारगळते. सरकारने पैसे देऊ केले आणि तुम्ही नाकारले, तर त्याचा फायदा तुम्हाला मिळत नाही.

नव्या कायद्याखाली घेतलेली जमीन ताब्यानंतर पाच वर्षे वापराविना पडून राहिली, तर कलम १०१ प्रमाणे ती मूळ मालकाला किंवा वारसांना, अथवा सरकारच्या जमीन बँकेला परत जाते. ‘अथवा’ या शब्दामुळे मालकाचा दावा आपोआप सिद्ध होत नाही. म्हणून पाच वर्षे पुरी होताच लेखी मागणी करा, सोबत पडीक जमिनीचे फोटो आणि चालू सातबारा जोडा. काहीही विकसित न करता ती जमीन चढ्या किमतीने दुसऱ्याला दिली गेली असेल, तर कलम १०२ प्रमाणे वाढीव किमतीतला ४० टक्के वाटा मूळ मालकांचा आहे. तो मागायला खरेदीखताची प्रत लागेल. ती दुय्यम निबंधकाकडे मिळते.

वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. जाताना अधिसूचनेची प्रत, निवाडा आणि पैसे मिळाल्याच्या पावत्या तारखेच्या क्रमाने लावून न्या, कारण तिथला पहिला प्रश्न मुदत उरली आहे का, हाच असतो.